महाविद्यालयीन ग्रंथालयात ग्रंथपाल कसा घडतो?

आपल्या विहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यात धम्मावरील, बाबासाहेबांवरील आणि इतरही पुष्कळ पुस्तके आहेत. दरवर्षी १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्यात भर पडते. पण कपाटात नेमकी किती पुस्तके आहेत, कोणती आहेत, कोणी नेली आणि कोणी परत आणली, हे कोणालाच सांगता येत नाही. किल्ली कोणाकडे आहे यावरच बैठकीत अर्धा तास जातो. ज्या समाजाच्या उद्धारकर्त्याने दादरला घर बांधताना आधी ग्रंथांचा विचार केला, त्या समाजाच्या कपाटाची ही अवस्था आहे. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पुस्तके जमविणे वेगळे आणि ग्रंथालय चालविणे वेगळे, ग्रंथालय चालविण्याचे एक शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यातील अनेक मुले-मुली कला शाखेची पदवी घेऊन घरी बसलेली आहेत. त्यांपैकी काही जण बँकेत परीक्षेचे शुल्क भरावयास येतात, तेव्हा हमखास विचारतात, "साहेब, बी.लिब. करावं का? नोकरी लागते का?" या प्रश्नाचे उत्तर खिडकीवर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे. मी स्वतः ग्रंथपाल नाही. परंतु आमच्या वस्तीतील एका मुलीने जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तात्पुरत्या परिचर पदावर काम करीत ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले. तिचे ते दिवस मी जवळून पाहिले आहेत. पुढील बरीचशी माहिती तिच्याशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून मिळालेली आहे.

पुस्तकाचा प्रवास

वाचकाला ग्रंथालयाची खिडकी तेवढी दिसते. आत काय चालते ते दिसत नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी खुर्ची मिळत नाही, फडके मिळते. पुस्तके झटकणे, परत आलेली पुस्तके जागेवर लावणे, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावणे, हेच पहिले काही महिने चालते. त्या मुलीला सुरुवातीस याचे वाईट वाटे. पदवीधर होऊन झाडलोट करावयाची का, असे ती म्हणे. पुढे तिच्याच लक्षात आले की, पुस्तके जागेवर लावता लावता सगळे ग्रंथालय पाठ होते.

एखादे पुस्तक विकत आले किंवा देणगीत मिळाले की, प्रथम बिलाशी ताडून पाहतात. मग त्याची नोंद दाखल नोंदवहीत होते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, बिलाचा क्रमांक असे रकाने त्यात असतात. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर पाच क्रमांक पडतात. आम्ही बँकेतील माणसे खातेवहीला जसे मानतो, तसेच ग्रंथालयात या वहीला मानतात. तीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रेघ मारून सही करावी लागते. पुस्तक हरवले तरी नोंद पुसली जात नाही, शेऱ्याच्या रकान्यात ते का व केव्हा कमी झाले ते लिहिले जाते. वर्षाअखेर किंवा ठरावीक मुदतीने पडताळणी होते, तेव्हा कपाटातील पुस्तके आणि वहीतील नोंदी यांचा मेळ घालावा लागतो. आमच्याकडे रात्री रोकड जुळवितात, तसाच हा प्रकार आहे.

त्यानंतर पुस्तकावर ठरलेल्या पानांवर शिक्के पडतात. विषय ठरवून वर्गांक दिला जातो, तो पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठीने लावतात. आत खिसा, पुस्तकपत्र आणि तारीख-चिठ्ठी चिकटवितात. मग तालिकेत नोंद होते, म्हणजे लेखक, ग्रंथनाम किंवा विषय यांपैकी काहीही ठाऊक असले तरी पुस्तक सापडावे अशी व्यवस्था केली जाते. पूर्वी यासाठी लाकडी खणांत कार्डे असत. आता बहुतेक महाविद्यालयांत संगणक आला आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची 'सोल' ही प्रणाली, शासनाच्या राष्ट्रीय सूचना केंद्राची 'ई-ग्रंथालय' आणि मोफत मिळणारी 'कोहा' या प्रणाली त्यासाठी वापरतात. इन्फ्लिबनेटच्याच 'एन-लिस्ट' योजनेतून महाविद्यालयांना हजारो नियतकालिके व पुस्तके संगणकावर वाचावयास मिळतात. परंतु साधन बदलले तरी काम बदललेले नाही. चुकीचा वर्गांक कार्डावर लिहिला काय आणि संगणकात भरला काय, पुस्तक सापडणार नाही ते नाहीच.

दहा खणांत सारे ज्ञान

वर्गांक म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण शिकणाऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते.

आपल्या महाविद्यालयांत बहुतेक ठिकाणी ड्युई दशांश वर्गीकरण पद्धती वापरतात. मेल्विल ड्युई हा अमेरिकेतील अमहर्स्ट महाविद्यालयाचा विद्यार्थी. शिकत असतानाच तो तेथील ग्रंथालयात साहाय्यक म्हणून काम करीत होता. त्या कामातूनच त्याला ही पद्धत सुचली आणि १८७६ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. म्हणजे जगभर चालणारी ही पद्धत एका शिकाऊ ग्रंथालय-सेवकाच्या डोक्यातून निघालेली आहे. त्याने सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. ००० सामान्य ग्रंथ, १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रे, ४०० भाषा, ५०० शुद्ध विज्ञान, ६०० तंत्रविज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य आणि ९०० इतिहास-भूगोल. प्रत्येकाचे पुन्हा दहा आणि त्यांचे पुन्हा दहा भाग पडतात. दशांश चिन्हापुढे हवे तेवढे अंक वाढविता येतात. मराठी साहित्य ८९१.४६ येथे येते, पैसा व चलन ३३२.४ येथे, तर भारताचा इतिहास ९५४ येथे. बौद्ध धर्माचा अंक २९४.३ हा आहे. आपल्या वाचकांनी हा एक अंक तरी पाठ करून ठेवावा. कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात जाऊन या अंकाचे कपाट शोधले की, बुद्ध तेथे भेटेल.

मात्र ही पद्धत करणारा माणूस आपल्या काळाचा आणि आपल्या समाजाचा होता. २०० या धर्माच्या वर्गात २२० पासून २८९ पर्यंतचे अंक बायबल व ख्रिस्ती धर्माकडे गेले आणि जगातील इतर सर्व धर्मांना २९० च्या एका खणात दाटीवाटीने बसावे लागले. म्हणून आपल्याला दशांश चिन्ह लागते. ड्युईच्या चालीरीतीही निर्मळ नव्हत्या. त्याच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यू आणि काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. याच कारणांवरून अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या एका पदकावरून त्याचे नाव काढून टाकले. तथापि, याच माणसाने १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राचे पहिले विद्यालय काढले आणि विश्वस्तांचा विरोध असताना त्यात स्त्रियांना प्रवेश दिला. माणसाचे उपयोगी काम घ्यावे आणि त्याचा दोष झाकू नये, हेच योग्य. शिकाऊ ग्रंथपालाने वर्गीकरणाचे कोष्टक वापरावे, पण ते कोणी व कोठे बसून केले हे विसरू नये.

एका पुस्तकाची गोष्ट

आता ज्या प्रसंगामुळे मला हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो.

मी बी.ए.ला असताना अर्थशास्त्र हा माझा विषय होता. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, हे मला एका भाषणात ऐकून ठाऊक होते. त्या वेळी आमच्या ग्रंथालयात आत जाऊ देत नसत. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून खिडकीत द्यावयाचे आणि आतून पुस्तक किंवा शेरा येण्याची वाट पाहावयाची. मी तीन वेळा चिठ्ठी दिली, तिन्ही वेळा 'पुस्तक नाही' असा शेरा आला. चौथ्यांदा मी दिली नाही. बँकेत लागलो, संसाराला लागलो आणि ते पुस्तक राहून गेले.

पुष्कळ वर्षांनी त्याच ग्रंथालयात ही मुलगी कामाला लागली. एकदा सहज बोलताना मी तिला ही हकीकत सांगितली. पडताळणीचे काम चालू असताना तिने दाखल नोंदवहीची जुनी पाने उलटली. आठ-दहा दिवसांनी ती घरी आली आणि म्हणाली, "काका, पुस्तक हाये. तुमी शिकत व्हते तवाही व्हतं. पन ते अर्थशास्त्रात नाही, थोर पुरुषांच्या कपाटात बसलं हाये."

झाले होते ते असे. लेखकाचे नाव आंबेडकर, म्हणून कोणीतरी ते पुस्तक चरित्रांच्या कपाटात ठेवले. चलनावरचे पुस्तक तेथे, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक तेथे, जातिनिर्मूलनावरचे भाषण तेथे आणि बुद्ध व त्यांचा धम्मही तेथेच. कपाटाला हार घातलेली तसबीर होती, कुलूपही होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या कपाटाकडे जाणार, तेथे ते पुस्तक नाही, म्हणून उत्तर 'नाही'. यात कोणाचा दुष्ट हेतू असेल असे मला वाटत नाही. उलट आदरापोटीच ते झाले असावे. परंतु त्या आदराने एका अर्थशास्त्रज्ञाला अर्थशास्त्रातून बाहेर काढले, हेही तितकेच खरे आहे.

त्या मुलीचे बी.लिब.चे वर्गीकरणाचे प्रात्यक्षिक तेव्हा चालू होते. तिने उत्साहाने एक यादी केली. रुपयाचा प्रश्न ३३२.४ मध्ये, प्रांतिक वित्तव्यवस्था ३३६ मध्ये, जातिनिर्मूलन ३०५.५ मध्ये, पाकिस्तानवरील ग्रंथ ९५४ मध्ये आणि धम्मग्रंथ २९४.३ मध्ये. ती यादी घेऊन ती ग्रंथपालांकडे गेली. ग्रंथपाल अनुभवी गृहस्थ होते. ते रागावले नाहीत, पण त्यांनी तिला एक प्रश्न विचारला. आंबेडकर विचारधारेचा पेपर घेतलेली मुले येऊन सगळी पुस्तके एकत्र मागतात, त्यांनी पाच कपाटे फिरावीत का? शिवाय महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले लेखन आणि भाषणांचे खंड, ते फोडून वेगवेगळ्या विषयांत ठेवावयाचे का?

या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. तिने ते अभ्यासातून शोधले. खंडांचा संच एकत्रच ठेवावा, परंतु प्रत्येक खंडात कोणते ग्रंथ आहेत त्याच्या स्वतंत्र नोंदी तालिकेत कराव्यात, म्हणजे 'चलन' या विषयाखाली शोधणाऱ्यालाही सहावा खंड सापडेल. सुटी पुस्तके ज्याच्या त्याच्या विषयात लावावीत आणि जयंतीच्या महिन्यात त्यांचे प्रदर्शन मांडावे. लेखकाच्या नावाने शोधणाऱ्याला संगणकावर सर्व यादी एकत्र मिळतेच. ग्रंथपालांना हे पटले. ते काम पुरे होण्यास एक सुट्टी गेली. आज रुपयावरचे ते पुस्तक अर्थशास्त्राच्या कपाटात उभे आहे. मी जाऊन पाहून आलो. आता वाचतोही आहे. सोपे नाही, पण बँकेत इतकी वर्षे काढल्यामुळे थोडे थोडे उमजते.

पुढे तिच्या वाचनात आले की, असा लढा फार पूर्वी एका काळ्या स्त्रीने दिला होता. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर या ग्रंथालयात नोकरी करीत होत्या आणि त्याच काळात त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या घेतल्या. १९३२ मध्ये त्यांना तेथील पदव्युत्तर पदवी मिळाली, ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन. त्या वेळी अनेक ग्रंथालयांत काळ्या लेखकांची पुस्तके, मग ती कविता असो की आणखी काही, ड्युईच्या ३२५ आणि ३२६ या दोन अंकांत कोंबत. एक अंक वसाहतींचा आणि दुसरा गुलामगिरीचा. पोर्टरबाईंनी ते नाकारले. कविता कवितेत आणि इतिहास इतिहासात, असे त्यांनी हॉवर्डच्या संग्रहाचे नव्याने वर्गीकरण केले. बाबासाहेब ज्या विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथेच ही बाई शिकली, हे वाचून त्या मुलीला फार धीर आला.

नोकरीत राहून शिकणारे थोर लोक

ग्रंथालयात काम करीत शिकणे हे कमीपणाचे नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मुळात मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणिताचे अध्यापक. १९२४ च्या आरंभी ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांना या शास्त्राचे शिक्षण नव्हते. सुरुवातीस त्यांना त्या कामाचा इतका कंटाळा आला की, ते परत अध्यापनाकडे जाण्यास निघाले होते. त्याच वर्षी ते शिक्षणासाठी लंडनला गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि त्यांची दृष्टी पालटली. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली आणि १९३३ मध्ये स्वतःची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. पंचसूत्रीचा आशय आपल्या शब्दांत सांगावयाचा तर असा: पुस्तक वापरण्यासाठी आहे, जपून कुलपात ठेवण्यासाठी नाही. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये. आणि ग्रंथालय हे वाढत राहणारे आहे, त्यासाठी जागा व मन दोन्ही मोठे ठेवावे. माझ्या तीन चिठ्ठ्यांच्या हकीकतीला ही सूत्रे लावून पाहिली तर त्यांतील किती मोडली होती, हे वाचकांनीच मोजावे.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बोर्डन यांनी १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातील असा हा पहिला वर्ग मानला जातो. त्याच महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेस गेले. म्हणजे ज्या राजाने प्रजेसाठी पुस्तके खुली केली, त्यानेच पुस्तकांवर जिवापाड प्रेम करणारा एक विद्यार्थी परदेशी पाठविला. बाबासाहेबांनी तेथे पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेतली. १९१७ मध्ये ते परत येत असताना ज्या जहाजाने त्यांची पुस्तके येत होती, ते जहाज महायुद्धात बुडाले. तरीही त्यांनी पुन्हा संग्रह उभा केला आणि त्यासाठी 'राजगृह' बांधले.

१९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांचा बाबासाहेबांशी निकटचा संबंध आला. आपल्या घरोघरी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मराठी ग्रंथ आहे. त्याच्या अनुवादकांची नावे कोणी वाचली आहेत काय? घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे. आपण रोज ज्या ग्रंथाचे वाचन करतो, तो मराठीत आणणाऱ्यांत एक महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाचे काम पुस्तक देण्याघेण्यापुरते असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यातील धडा

पुस्तके जपण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. कारंजा येथील जैन मंदिरांत हस्तलिखितांची भांडारे शतकानुशतके सांभाळली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती १९२६ मध्ये नागपूरला छापली गेली. तीत कारंजाच्या पोथ्यांची नोंद आली आणि विद्वानांना कळले की, येथे अपभ्रंश भाषेतील मोलाची काव्ये आहेत. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी पुष्पदंत कवीचे 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये कारंजाच्याच ग्रंथमालेतून संपादित करून प्रसिद्ध केले. पोथ्या आधीही होत्या. यादी झाली तेव्हा त्या जगाच्या झाल्या. आपल्या विहारातील कपाटालाही हाच न्याय लागू आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. येथील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास दान दिले. कोणी, कोणाच्या राज्यात आणि कोणासाठी दिले, हे त्याने भिंतीवर कोरून ठेवले, म्हणून आज दीड हजार वर्षांनी आपण ते सांगू शकतो. आपण मात्र गेल्या वर्षी कोणी कोणती पुस्तके दिली, ते सांगू शकत नाही.

शिक्षणाच्या पायऱ्या आणि खरी परिस्थिती

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या शिक्षणाच्या पायऱ्या साधारणपणे अशा आहेत. पहिली पायरी ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेची. हा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम लहान सार्वजनिक वाचनालयांत काम करणाऱ्यांस उपयोगी पडतो. दुसरी पायरी पदवीनंतर एक वर्षाची बी.लिब. आणि तिसरी त्यानंतरची एम.लिब. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हावयाचे तर एवढ्यावर भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत एम.लिब.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण अथवा पीएच.डी. अशी अर्हता घातलेली आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवारांस गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदा दुरुस्तीने मिळाल्या. त्यामागे मोठा संघर्ष आहे, तेव्हा जातीचे प्रमाणपत्र व वैधता वेळेत काढून ठेवावी.

दूरशिक्षणानेही हे अभ्यासक्रम करता येतात, मात्र त्या संस्थेस आयोगाची मान्यता आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. मागाहून पाहून उपयोग होत नाही.

नोकरीबाबत खरे तेच सांगतो. पदे थोडी आणि उमेदवार फार आहेत. अनेक ठिकाणी तात्पुरत्या नेमणुका असतात आणि मानधन इतके थोडे की, त्यात एका माणसाचा निर्वाह कठीण होतो. त्या मुलीचे पहिल्या वर्षाचे मानधन तिच्या जाण्यायेण्याच्या एस.टी. भाड्यात व शुल्कातच संपले. घरच्यांनी सांभाळून घेतले म्हणून ती टिकली. नोकरीची हमी देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नये आणि त्यासाठी शेत गहाण टाकू नये. बँकेच्या टेबलावर बसून अशी उदाहरणे मी पाहिली आहेत.

मग हे शिक्षण घ्यावे की नाही? माझे मत असे की, ज्याला पुस्तकांची आणि माणसांची दोन्हींची आवड आहे, त्याने जरूर घ्यावे. पण केवळ परीक्षा देऊन नव्हे, ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करीत घ्यावे. अनेक महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजनेखाली विद्यार्थ्यांना ग्रंथालयात काही तास काम मिळते. तेथून सुरुवात करावी. वर्गात शिकविलेले सूत्र आणि खिडकीसमोर उभा असलेला विद्यार्थी, यांची सांगड तेथेच बसते. त्या मुलीने एम.लिब. पूर्ण केली आहे आणि सध्या ती सेटचा अभ्यास करीत आहे. कायम नोकरी अद्याप लागलेली नाही. तरीही तिची ही वर्षे फुकट गेली असे मी म्हणणार नाही. एका चुकीच्या कपाटातून तिने जी पुस्तके बाहेर काढली, ती आता दरवर्षी नव्या मुलांच्या हाती पडत आहेत.

मंडळासाठी एक सूचना

शेवटी संस्थेच्या कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. विहारातील कपाटाचे वाचनालय करण्यास फार पैसा लागत नाही. एक जाड दाखल नोंदवही, एक देवघेवीची वही, एक शिक्का आणि पाठीवर लावण्याच्या चिठ्ठ्या एवढ्यावर सुरुवात होते. वर्गीकरण तीन अंकी केले तरी पुरे, फक्त २९४.३ ला दशांश ठेवावा. रोज सायंकाळी दोन तास कपाट उघडे असावे. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींस हे काम आळीपाळीने द्यावे आणि त्यांना थोडे का होईना मानधन व अनुभवाचे पत्र द्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ अन्वये मान्यताप्राप्त वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते व त्यांस शासनाचे अनुदान मिळते. नियमाप्रमाणे वह्या ठेवल्या तर पुढे त्या मान्यतेसाठी अर्जही करता येईल. वह्याच नसतील तर अर्ज कशाच्या आधारावर करणार?

त्या मुलीने येत्या उन्हाळ्यात पहिल्या नोंदी करून देण्याचे कबूल केले आहे. नोंदवही मी आणून ठेवली आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिका असे सांगितले. शिकण्यासाठी पुस्तक लागते आणि पुस्तक सापडावे लागते. तेव्हा किल्ली ज्यांच्याकडे असेल त्या बंधू-भगिनींनी ती कृपया पुढील रविवारच्या बैठकीत घेऊन यावी.

जयभीम! नमो बुद्धाय!